पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला, कामाला हात घातला. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मामांकडून आलेली. पत्रा खणखणीत, दरवाजे एका बोटाने लागतात, फक्त इंजिन संपलंय. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) झिजेल तसं मोठं करत शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत जाऊन आलाय, आता स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) घातल्याशिवाय त्याला भवितव्य नाही, आणि ते काम घाईत करायचं नाही असं आधीच ठरवलंय. तोवर गाडीत जिप्सीचं इंजिन बसवायचं.

या जुन्या इंजिनाबद्दल मला मनापासून आदर आहे. १०८९ सीसी, बोअर ६८ आणि पिस्टनची धाव ७५ मिमी. हेच माप फियाटने १९३७ मध्ये ५०८ सी या गाडीत आणलं होतं आणि कुर्ल्यातून पेट्रोल पद्मिनी निघत होत्या तोवर तेच चालत राहिलं. ताकद ४० बीएचपीच्या आसपास. एवढ्यावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी कितीतरी संसार चालवले, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. त्यामुळे हे इंजिन भंगारात जाणार नाही, ग्रीस भरून, भोकं बंद करून, स्टँडवर राहणार.

आता कायद्याचं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट सांगितलं. आरटीओत जाऊन विचारूनही आलो, उत्तर तेच. म्हणून जिप्सीचं इंजिन गाडीत असेपर्यंत ती पब्लिक रोडवर जाणार नाही. कागलजवळ चुलतभावाचं एनए प्लॉटिंगचं रान आहे, प्लॉट फारसे गेले नाहीत पण आतले डांबरी रस्ते पूर्ण आहेत, त्याला कुंपण आणि गेट दोन्ही आहे, तिथेच चालवायची, न्यायची ती ट्रेलरवर.

आणि दुसरी गोष्ट याच्याहून महत्त्वाची. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. ही गाडी २०३६ ला पन्नाशीची होते. त्या वर्षी तिच्यात मूळ इंजिन बसवून ती जशी होती तशी उभी करता आली पाहिजे. म्हणजे चासीला, क्रॉस मेंबरला (इंजिनखालची आडवी पट्टी), फायरवॉलला (इंजिन आणि सीटच्या भागामधला पत्रा) कटर लागणार नाही. जे बसेल ते मूळ भोकांवर, नटबोल्टने. या एका अटीने सगळं काम अवघड होणार आहे, पण अट सुटणार नाही.

९ नोव्हेंबर २०२४

इंजिन आलं. आर्मी डिस्पोजलच्या जिप्सीतलं जी १३ बीबी, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीएमसकट (इंजिनचा कॉम्प्युटर) एकाच गाडीतून उतरवलेलं. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनने), ८० बीएचपी. म्हणजे बरोब्बर दुप्पट, आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा.

बऱ्याच जणांनी विचारलं प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं का नाही. प्रश्न रास्त आहे, ते निस्सानचं ए १२, ११७१ सीसी, प्रीमियरने स्वतःच १९८५ पासून ११८ एनईमध्ये वापरलेलं आणि पद्मिनीत बसवलेलीही बरीच आहेत. पण आज त्याचे पार्ट शोधायला फिरावं लागतं आणि जिप्सीचा पार्ट कोल्हापुरात दुपारी सांगितला तर संध्याकाळी हातात येतो. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, स्वस्त, पण ते आडवं बसतं आणि गिअरबॉक्स पुढची चाकं फिरवणारा. पद्मिनीला इंजिन उभं पाहिजे आणि ताकद मागे गेली पाहिजे.

जिप्सीची खरी गंमत तिच्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आहे. बहुतेक फोर बाय फोरला ती गिअरबॉक्सलाच चिकटलेली असते, जिप्सीत ती सुटी, मागे वेगळी लटकते आणि मधे एक छोटा शाफ्ट असतो. तो शाफ्ट काढला की हातात उरतो साधा पाच गिअरचा मागे ताकद देणारा गिअरबॉक्स, काही कापायचं नाही काही बंद करायचं नाही. जगभर लोक जुन्या छोट्या गाड्यांत हा सेट का घालतात ते गिअरबॉक्स टेबलावर ठेवल्या ठेवल्या कळतं.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. तरी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलणार, कारण गाडीत बसल्यावर हेच काम तिप्पट वेळ खातं.

१ डिसेंबर २०२४

जुनं इंजिन उतरवलं. चेन कुप्पीवर ते ओतीव लोखंड आलं तेव्हा वरचा आय-बीम कुरकुरला, नवीन ॲल्युमिनियमवालं तसं काही बोलत नाही. इंजिन निघाल्यावर गाडीचं तोंड चांगलंच वर आलं.

प्रत्येक ब्रॅकेट, वॉशर, कॉलम गिअरचे (स्टिअरिंगपाशी असलेला गिअर) सगळे दांडे धुऊन, तेल लावून, फोटो काढून, पिशवीत चिठ्ठी घालून ठेवलं. चाचांचा (गॅरेज त्यांचं, पद्मिनी हाताखालून किती गेल्या त्याची गणती नाही) या पिशव्यांना पूर्ण पाठिंबा. ते म्हणाले, "इंजिन काय, कसलंबी बसतंय. जिथं जुनं आन् नवं जोडतंय ती जागा बघा. त्रास तिथनंच येतोय."

२२ डिसेंबर २०२४

ट्रायल फिटिंग. रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जोडून आत सोडला. लांबीला मुबलक जागा, उंचीला बोनेट लागत नाही, अडचण खाली आहे, सम्प (इंजिनखालचा तेलाचा डबा) आणि क्रॉस मेंबर यांच्यात बोटभर फट राहते. इंजिन हललं, खड्ड्यात आपटलं तर? म्हणून अख्खा सेट थोडा मागे घेतला आणि मागची बाजू किंचित खाली दिली. मग गिअरबॉक्सची एक रीब टनेलला (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) लागायला लागली. मग परत थोडा वर. असं दिवसभर ओळंबा, पट्टी आणि लाकडाच्या ठोकळ्यांवर चाललं होतं, चाचा खाली झोपून सांगतायत आणि मी चेन ओढतोय.

शेवटी जिथे थांबलो तिथे क्रॅंकची रेषा आणि गाडीची मधली रेषा एक आहे. हे मी हट्टाने केलं, बरेच जण जागेसाठी इंजिन एका बाजूला सरकवतात, पण मग मागे शाफ्ट दोन दिशांनी वाकडा जातो आणि ते गणित पुढे सुटत नाही.

१९ जानेवारी २०२५

फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं त्या ब्रॅकेट) तयार झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये लेथवाल्या अण्णांकडे ६ मिमी प्लेट कापून घेतली, आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पातळ पत्र्याचा, मग खरी प्लेट. गाडीच्या बाजूला पद्मिनीचीच मूळ भोकं, इंजिनच्या बाजूला जिप्सीचं फाउंडेशन रबर, मधे आमची प्लेट. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टीसुद्धा जुन्या भोकांवरच. अण्णांनी पहिल्यांदा विचारलं की सरळ वेल्ड मारून देतो की, दहा मिनिटांचं काम आहे. २०३६ चं सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून भोकांना बुश बसवून दिले म्हणजे मूळ भोक घासून मोठं होणार नाही. उद्यमनगरची ही गोष्ट मला फार आवडते, काम कशासाठी आहे ते एकदा पटलं की ही माणसं आपल्यापेक्षा पुढचा विचार करतात.

अटीला एक अपवाद करावा लागला. कॉलम गिअरच्या गाडीला टनेलमध्ये दांड्याला भोक नसतं. इलाज नाही. कंपनीने स्वतः शेवटच्या एस १ मॉडेलला खाली गिअर दिला होताच, त्यामुळे मनाला फार लागलं नाही. होल-सॉने एकच गोल भोक पाडलं, निघालेली चकती पिशवीत चिठ्ठीसकट ठेवली, परत बसवून भरता येईल अशी. दांडा पुढच्या सलग सीटच्या कडेशी येतो, म्हणून दांड्याला मधे थोडा पुढे बाक दिलाय.

१६ फेब्रुवारी २०२५

पेट्रोलची लाइन. कार्ब्युरेटरला पंप नुसतं पेट्रोल पोचवतो, इंजेक्शनला प्रेशर लागतं, म्हणून इंजिनवरचा जुना मेकॅनिकल पंप, जुनी रबरी नळी, जुन्या क्लिपा यातलं काही चालत नाही. टँक मूळच ठेवली. त्यातून कमी प्रेशरचा पंप एका छोट्या डब्यात पेट्रोल भरतो, त्या डब्यातून जिप्सीचा पंप इंजिनला देतो आणि उरलेलं परत येतं. त्यामुळे वळणावर टँकमधलं पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप हवा ओढत नाही. सगळे होज इंजेक्शनच्या रेटिंगचे, कारण आता पंपावर बहुतेक ई २० च मिळतं आणि वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला काय करतं ते मामांच्या कार्ब्युरेटरच्या डायफ्रामने दाखवलेलंच आहे. इथे पैसे वाचवायचे नाहीत, होज फुटला तर फवारा गरम एक्झॉस्टवर जातो.

वायरिंगमध्ये जिप्सीचा आणि पद्मिनीचा हार्नेस एकमेकांत मिसळलाच नाही. दोन वेगळी घरं. जोड फक्त मोजक्या ठिकाणी: इग्निशन, सेल्फ, चार्जिंगचा दिवा, टेम्परेचर. ईसीएम डॅशखाली, इंजिन तापतं त्या भागापासून लांब. आणि अर्थिंग! बॅटरीपासून इंजिनला एक जाड वायर, बॉडीला दुसरी, ईसीएमचं अर्थ थेट इंजिनवर. सेन्सर व्होल्टचा काही भाग इकडे तिकडे सांगायला लागला की माणूस महिनाभर चुकीचा पार्ट बदलत बसतो, आणि खरा दोषी बऱ्याचदा एक गंजलेला बोल्ट असतो.

९ मार्च २०२५

ब्रेक. इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक, हा क्रम बदलायचा नाही. चारही चाकांना ड्रम ४० बीएचपीला ठीक होते. पुढे मारुतीच्या डिस्क आणि कॅलिपर, मधे अडॅप्टर प्लेट, तीही मूळ बोल्टवर. दोन भागांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक लाइन गेली तरी दुसरी थांबवते. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम. मागे मूळ ड्रमच, पण नवे लायनर, नवे सिलिंडर. क्लचचं पण याच आठवड्यात केलं, जिप्सीचा क्लच केबलवर आहे, केबल टेकायला फायरवॉलच्या जुन्या भोकावर एक ब्रॅकेट बसवली.

२७ मार्च २०२५

सुरू झालं.

आधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज घातला, चावी ऑन, पंपाचा दोन सेकंद आवाज, प्रत्येक जोडावर हात फिरवला, कुठे ओल नाही. मग सेल्फ. पकडलं, थोडं वर गेलं आणि स्वतःहून खाली येऊन स्थिर झालं. चोक नाही, ॲक्सिलरेटर मारत बसणं नाही. पद्मिनीच्या बोनेटखालून असा आवाज ऐकायची सवय नाही. चाचांचा रोजा होता, दुपारची वेळ, उकाडा मरणाचा, तरी इंजिन पूर्ण तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते गाडीजवळून हलले नाहीत, एक हात वरच्या होजवर. होज गरम झाला तेव्हा नुसती मान हलवली. रविवारी पाडवा आणि सोमवारी ईद, त्यामुळे पुढचे चार दिवस गॅरेज बंद.

२० एप्रिल २०२५

कागलला पहिल्यांदा चालवली, अजून जोर न लावता. उन्हाळ्यात हेच बघायचं होतं. रेडिएटरला नवी जाड कोअर घालून घेतली, मागे इलेक्ट्रिक फॅन, पण खरा फरक पडला तो फॅनच्या भोवती पत्र्याची बंदिस्त टोपी केल्यावर. आधी फॅन फिरायचा पण हवा बाजूच्या फटीतून पळायची, उभ्या गाडीत काटा हळूहळू चढत राहायचा. टोपी बसवली आणि काटा एका जागी थांबला, फॅन लागतो, थोड्या वेळात बंद होतो. ज्यांनी पद्मिनी खंबाटकीत बाजूला लावून बोनेट उघडून उभी केली आहे त्यांना हे वाचून काय वाटेल ते मला कळतं.

११ मे २०२५

ही नोंद लांब होणार, कारण चाचांनी सांगितलेली जोडाची जागा ती हीच.

तिसऱ्यात साधारण ६० ला गाडीच्या पोटातून घरघर. सीटच्या खाली, पायाला जाणवणारी. इंजिन न्यूट्रलला त्याच आरपीएमला रेस केलं तर शांत, म्हणजे इंजिन नाही. क्लच दाबून ६० ला नुसती गडगडत सोडली तर घरघर तशीच, म्हणजे क्लचही नाही. राहिला प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सची ताकद मागच्या डिफरन्शियलला नेणारा.

शाफ्ट नवा करून घेतलेला, पुढे जिप्सीचं फ्लँज, मागे पद्मिनीचं, मधे नवीन पाइप, बॅलन्स केल्याचं सांगितलं होतं. खाली उतरवून बाकावर ठेवला आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस म्हणजे वाकणारा सांधा धरणारे दुबेळके) बघितले, तर एक दुसऱ्याच्या मानाने थोडा फिरून वेल्ड झालेला. डोळ्याला जेमतेम दिसेल इतका. आता हे एवढंसं का लागतं? क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसरा क्रॉस नेमकं याच्या उलट करून हिशोब मिटवतो, पण कधी, तर दोन्ही योक एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचा कोन सारखा असेल तर. एक जरी चुकलं तर मिटायच्या ऐवजी भर पडते.

म्हणून कोनही मोजले. डिजिटल अँगल गेज गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर, मग डिफरन्शियलच्या फ्लँजवर. गिअरबॉक्स जितका मागे खाली कललाय तितकंच डिफरन्शियलचं नाक वर पाहिजे, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. फरक दीड अंशाचा निघाला. यावर जुना इलाज आहे, पाट्याच्या (मागची स्प्रिंग) आणि ॲक्सलच्या मधे पाचर. अण्णांनी दीड अंशाच्या दोन लोखंडी पाचरी मिलिंगवर काढून दिल्या, मधल्या बोल्टला भोक ठेवून. शाफ्ट दुसऱ्या दुकानात नेला, टोक कापून योक रेषेत आणून परत वेल्ड, आणि या वेळी मशीनवर फिरताना समोर उभा राहिलो. तिथल्या पोराने पाइपला पहिलं वजन लावलं, मशीनची सुई बघितली, काढलं, बोटभर सरकवून परत लावलं आणि मग टॅक मारला. एवढं बघितल्यावर घरी जाताना खात्री होती.

संध्याकाळी कागल. ६० ला पायाखाली काही नाही. तिसऱ्यात पुढे नेली, चौथा टाकला, तरी काही नाही.

१५ जून २०२५

पाऊस. बाहेर काम नाही म्हणून स्पीडोमीटर घेतलं. जिप्सीत मीटरची केबल ट्रान्सफर केसला लागते आणि ती केस आपण काढलीय, म्हणजे गाडीला स्वतःचा वेगच माहीत नाही. डिजिटल मीटर डॅशवर चिकटवायचं माझ्या मनाला पटेना, त्या डॅशचा चेहरा जातो. उपाय असा केला की डिफरन्शियलच्या फ्लँजच्या बोल्टसमोर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, त्याचे पल्स मोजणारं छोटं सर्किट, आणि त्या सर्किटवर चालणारी बारकी मोटर जी मूळ मीटरला केबलच्या जागी फिरवते. सर्किट राजारामपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने केलं. मूळ काटा, मूळ आकडे, आणि फोनच्या जीपीएसशी जुळवून घेतलेला वेग. तोच पल्स ईसीएमलाही दिला.

६ जुलै २०२५

डिफरन्शियल उघडून बघितलं. क्राउन ४३ दात, पिनियन १०, म्हणजे ४.३. दातांवर निळा रंग लावून फिरवलं, घासण्याची खूण मधोमध. बंद केलं, नवीन तेल.

इथे एक गणित लिहून ठेवतो. मूळ गाडी टॉप गिअरला थेट ४.३ वर, ८० ला साधारण ३१०० आरपीएम. जिप्सीचा पाचवा ०.७९५, त्यामुळे त्याच ८० ला साधारण २४५०. पहिला ३.६५२ आहे, ट्रान्सफर केस निघाल्यामुळे जिप्सीइतका लो राहिला नाही, आणि हलक्या पद्मिनीला तो बरोबर बसतो. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे) मात्र मूळचेच आहेत आणि ते अर्ध्या ताकदीसाठी बनलेत, म्हणून क्लच आपटून गाडी उडवायची नाही, मी नाही आणि चुलतभाऊ तर अजिबात नाही.

१७ ऑगस्ट २०२५

पावसाने उघडीप दिली, दिवसभर कागलला. पुढचं तोंड हलक्या इंजिनमुळे २० मिमी वर राहिलं होतं, त्यासाठी स्प्रिंग कापली नाही, हिशोब करून वेगळी जोडी करून घेतली आणि मूळ जोडी पिशव्यांच्या शेजारी गेली. आता गाडी उभी आहे तशीच दिसते जशी मामांकडे उभी असायची. वळणात पुढचं टोक लगेच ऐकतं. दुसऱ्यात पाय दाबला की चार हजारच्या पुढे आवाज बदलतो आणि गाडी खरंच ओढते, आणि त्याच वेळी हातात तेच मोठं पातळ स्टिअरिंग आहे, समोर तोच लांब बोनेट.

ब्रेक तापवून लागोपाठ थांबवून बघितले, पेडल तिथेच राहिलं. चारही चाकांचं तापमान घेतलं, पुढची दोन्ही सारखी, मागचं डावं थोडं जास्त. ड्रम काढून बघणार, बहुतेक ॲडजस्टर ओढून बसलाय. पेट्रोलचा काटा अजून अर्ध्यावरच अडकतो, टँकमधला फ्लोट बघायचाय. एक्झॉस्टचा पाइप गिअरबॉक्सच्या रबराजवळून जातो तिथे उष्णतेचा पत्रा लावायचाय, रबर हाताला चिकट लागायला लागलंय. ही तिन्ही कामं गणपतीनंतर, तोवर चाचा आणि अण्णा दोघेही मंडपात.

मधल्या दिवसांत जुन्या इंजिनाचा ब्लॉक स्लीव्हसाठी टाकला आहे. चार स्लीव्ह, परत ६८ मिमीवर. पिस्टन स्टँडर्ड साइझचे मिळाले आहेत.